मोटारसायकल : जीर्णोद्धार व फेरबदल

जुन्या, बंद पडलेल्या किंवा झिजलेल्या मोटारसायकलीचे भाग सुटे करून, ते तपासून, दुरुस्त करून वा बदलून ती मूळ बनावटीप्रमाणे पुन्हा चालती करणे, यास मोटारसायकलीचा जीर्णोद्धार म्हणतात. मालकाच्या गरजेनुसार वा आवडीनुसार वाहनाला मूळ बनावटीहून वेगळे रूप, आसनव्यवस्था, एंजिन किंवा उपयोग प्राप्त करून देणे, यास फेरबदल म्हणतात. पहिल्या क्रियेत कारागिराची नजर निर्मात्याच्या आराखड्याकडे असते, तर दुसऱ्या क्रियेत ती वापरणाऱ्याच्या सोयीकडे असते. हत्यारे, कौशल्ये व बहुधा कारागीरही दोन्हींत तेच असतात. युरोप-अमेरिकेत या दोन क्रियांचे स्वतंत्र संप्रदाय निर्माण झाले. भारतात मात्र त्या दीर्घकाळ एकमेकींत मिसळलेल्या राहिल्या. येथे जुन्या मोटारसायकली टिकल्या त्या मुख्यतः नवे वाहन सहजी मिळत नसल्यामुळे. तेच वाहन पुनःपुन्हा दुरुस्त करावे लागे आणि प्रत्येक दुरुस्तीत त्याचे मूळ रूप थोडेफार बदलत असे. त्यामुळे एखादी जुनी मोटारसायकल ‘मूळ’ आहे की नाही, हा प्रश्न भारतात तांत्रिक तसाच ऐतिहासिकही आहे. २०२१ च्या नियमांनी त्याला कायदेशीर स्वरूप दिले.

पूर्वेतिहास : गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत १८८५ मध्ये लाकडी सांगाड्यावर पेट्रोल एंजिन बसवून दुचाकी तयार केली. विक्रीसाठी मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली मोटारसायकल हिल्डेब्रांट व व्होल्फम्यूलर यांची असून ती १८९४ मध्ये बाजारात आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत इंग्लंडमध्ये रॉयल एन्फील्ड (१९०१) व ट्रायंफ (१९०२), तर अमेरिकेत हार्ली-डेव्हिडसन (१९०३) यांनी मोटारसायकलींची निर्मिती सुरू केली. दोन्ही महायुद्धांत निरोप पोहोचविणे, टेहळणी व वाहतुकीचे नियंत्रण यांसाठी मोटारसायकलींचा मोठा वापर झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याकडे बीएसए एम-२०, नॉर्टन १६-एच, मॅचलेस जी-३ एल इ., तर अमेरिकन सैन्याकडे हार्ली-डेव्हिडसन डब्ल्यूएलए या प्रकारच्या मोटारसायकली होत्या. युद्ध संपल्यावर त्यांतील पुष्कळ स्वस्तात विकल्या गेल्या.

या शिल्लक मालातूनच फेरबदलाची आधुनिक परंपरा जन्मास आली. अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या तरुणांनी जड मडगार्ड व इतर अनावश्यक भाग कापून टाकून वाहन हलके केले. पुढे लांब पुढील काटा व उंच हँडल असलेला ‘चॉपर’ हा प्रकार त्यातून निर्माण झाला. इंग्लंडमध्ये १९५० नंतरच्या दशकात रस्त्याकडेच्या उपाहारगृहांजवळ जमणाऱ्या तरुणांनी खाली झुकलेले हँडल व एकाच व्यक्तीची बैठक असलेली वेगवान मोटारसायकल रूढ केली. तिला ‘कॅफे रेसर’ असे नाव पडले. जतनाचा विचारही याच सुमारास संघटित झाला. इंग्लंडमधील व्हिंटेज मोटर सायकल क्लब १९४६ मध्ये स्थापन झाला, तर ऐतिहासिक वाहनांच्या संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ (फिव्हा) १९६६ मध्ये अस्तित्वात आला.

भारतातील निर्मिती : स्वातंत्र्यापूर्वी भारतात वापरात असलेल्या मोटारसायकली आयात केलेल्या असत आणि त्या संस्थानिक, अधिकारी, डॉक्टर, मळेवाले व लष्कर यांच्यापुरत्या मर्यादित होत्या. स्वातंत्र्यानंतर सीमेवरील गस्तीसाठी भारतीय लष्कराने रॉयल एन्फील्डची ३५० घ. सेंमी. ‘बुलेट’ पसंत केली. या मागणीमुळे १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या सहभागाने एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन होऊन मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे कारखाना निघाला. प्रथम इंग्लंडमधून आलेल्या भागांची तेथे जुळणी होई. पुढे सर्व भाग भारतात तयार होऊ लागले. इंग्लंडमधील मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली. भारतातील निर्मिती मात्र चालू राहिली आणि ७० मिमी. व्यासाच्या व ९० मिमी. धावेच्या एकाच सिलिंडराचे ३४६ घ. सेंमी. एंजिन मूलभूत बदल न होता कित्येक दशके तयार होत राहिले. जीर्णोद्धाराच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची ठरली. कारण एका पिढीतील भाग दुसऱ्या पिढीतील वाहनाला थोड्याफार फरकाने बसू शकतो.

मुंबईतील इराणी कुटुंबाने आधी आयात करून विकलेली चेकोस्लोव्हाकियाची ‘जावा’ ही मोटारसायकल आयडियल जावा कंपनीने म्हैसूर येथे १९६१ पासून तयार केली. तिचे एंजिन सु. २४९ घ. सेंमी. द्विधाव प्रकारचे असून एकाच सिलिंडराला दोन निष्कास नळ्या होत्या. चालू करण्याची किक व गिअर बदलण्याची दांडी एकच असणे हे तिचे वैशिष्ट्य होते. १९७३ पासून ती ‘येझदी’ या नावाने निघू लागली व कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल एम-११ या नमुन्यावरून १९६२ पासून ‘राजदूत’ तयार केली. दणकट बांधणीमुळे ती खेड्यापाड्यांतील दूधवाल्यांत व शेतकऱ्यांत विशेष प्रिय झाली. महाराष्ट्रात बजाज ऑटो (आकुर्डी), ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया (मुंबई) व कायनेटिक इंजिनिअरिंग (अहमदनगर) यांनी अनुक्रमे व्हेस्पा जातीच्या स्कूटर, लँब्रेटा स्कूटर व मोपेड यांची निर्मिती केली.

उद्योग (विकास व विनियमन) अधिनियम, १९५१ अन्वये उत्पादनक्षमतेवर परवान्याचे बंधन होते व आयात जवळजवळ बंद होती. मागणीच्या मानाने वाहने अपुरी पडत. पैसे भरून नोंदणी केल्यावरही लोकप्रिय स्कूटरसाठी कित्येक वर्षे वाट पहावी लागे. अशा परिस्थितीत हाती असलेले वाहन टाकून देण्याचा विचार कोणी करीत नसे. सिलिंडर झिजला तर तो लेथवर किंवा बोअरिंग यंत्रावर मोठा करून घेत, पिस्टन न मिळाल्यास दुसऱ्या वाहनाचा बसवीत, तुटलेला पितळी भाग ओतून घेत. जीर्णोद्धाराचे जे कौशल्य आज हौशी मंडळी शोधत असतात, ते या टंचाईच्या काळात गरजेपोटी तयार झाले.

श्रीगोंदा व परिसर : या प्रक्रियेचे ग्रामीण स्वरूप समजण्यास अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुका उपयुक्त आहे. जिल्ह्याच्या दक्षिण भागातील हा तालुका भीमा नदीने पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यापासून वेगळा केला आहे. श्रीगोंदा हे गाव संत शेख महंमद यांच्या वास्तव्यामुळे व शिंदे घराण्याच्या संबंधामुळे इतिहासात परिचित आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्यावरील श्रीगोंदा रोड हे स्थानक नावाप्रमाणेच गावापासून अंतरावर असल्याने गाव, वाड्या व वस्त्या यांच्यातील दळणवळण रस्त्यावरच अवलंबून राहिले. घोड व कुकडी प्रकल्पांच्या कालव्यांमुळे तालुक्याच्या काही भागांत ऊस व फळबागा वाढल्या आणि लिंबाच्या उत्पादनाबद्दल श्रीगोंद्याचे नाव झाले. शेतात राहणाऱ्या कुटुंबाला दूध संकलन केंद्र, साखर कारखाना, काष्टीचा जनावरांचा बाजार आणि तालुक्याची कचेरी यांच्याशी संपर्क ठेवण्यासाठी दुचाकी आवश्यक होत गेली. दुधाच्या किटल्या अडकविण्यासाठी मागे लोखंडी चौकट जोडणे, खताचे पोते पेलावे म्हणून मागील स्प्रिंग बदलणे, खराब रस्त्यासाठी मडगार्ड उंच करणे हे या भागांतील फेरबदलाचे सर्वसामान्य प्रकार होत. ते रूपासाठी केलेले नसून ओझ्यासाठी केलेले होते.

हे काम करणारा कारागीर मोटारसायकलीच्या कारखान्यात शिकलेला नसे. बागायती तालुक्यात विहिरीवरील तेल-एंजिनांची दुरुस्ती करणारे मेस्त्री आधीपासून होते. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्ससारख्या कंपन्यांची एंजिने महाराष्ट्रात सर्वत्र पसरली होती. सिलिंडर मोठा करणे, झडपा घासून बसविणे, बेअरिंग बदलणे ही कामे पंपाच्या एंजिनात व मोटारसायकलीच्या एंजिनात तत्त्वतः सारखीच असतात. खेड्यांत वीज पोहोचून तेल-एंजिने मागे पडली, तेव्हा हे ज्ञान दुचाकींच्या कामी आले. उसाच्या वाहतुकीसाठी लागणाऱ्या गाड्यांमुळे वेल्डिंगची दुकानेही तालुक्याच्या ठिकाणी वाढली होती.

जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणीही वाहनविषयक ज्ञानाची केंद्रे होती. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र तेथे असून १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय स्थापन झाले. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था तेथेच आहे. वाहनांच्या नमुन्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या, केंद्रीय मोटार वाहन नियमांत मान्यता मिळालेल्या संस्थांत तिचा समावेश होतो. ह. कुं. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने १९७२ मध्ये ५० घ. सेंमी.ची ‘लूना’ ही मोपेड बाजारात आणली. अल्प किंमत, थोडे वजन व पायडल मारून चालू करण्याची सोय यांमुळे ती शिक्षक, ग्रामसेवक, छोटे व्यापारी व स्त्रिया यांच्या हाती गेली. लष्कराने सेवेतून काढलेल्या मोटारसायकलीही लिलावाने नागरी मालकांकडे येत असत.

फेरबदलाची परंपरा : भारतातील फेरबदलाचे सर्वांत प्रसिद्ध जुने उदाहरण म्हणजे दिल्लीतील ‘फटफटी’ होय. महायुद्धानंतर शिल्लक राहिलेल्या अमेरिकन मोटारसायकलींचा पुढील भाग घेऊन त्यामागे प्रवाशांची बैठक जोडलेली ही तीनचाकी रिक्षा १९९० नंतरच्या दशकात प्रदूषणाच्या कारणावरून बंद होईपर्यंत चालत होती. सौराष्ट्रात बुलेटच्या पुढील भागाला मालवाहू हौदा जोडून ‘छकडो’ तयार झाला. अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ मध्ये दुष्काळात बैल परवडेनासे झाले असता बुलेटला मागे दोन चाके व शेतीची अवजारे जोडून ‘बुलेट सांती’ हे कोळपणीचे व पेरणीचे यंत्र बनविले. पेट्रोलच्या खर्चामुळे बुलेटवर लहान डिझेल एंजिन बसविण्याचे प्रयोग अनेक ठिकाणी झाले. पुढे एन्फील्ड इंडियानेच ३२५ घ. सेंमी.ची ‘टॉरस’ ही डिझेल मोटारसायकल तयार केली. लोकांनी केलेला फेरबदल व कारखान्याची निर्मिती यांतील अंतर किती थोडे असू शकते, हे यावरून दिसते.

हौसेसाठी केलेला फेरबदल महाराष्ट्रात मुख्यतः एकविसाव्या शतकात वाढला. मुंबईतील अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’सारख्या व्यावसायिकांनी बुलेटच्या आधारे चॉपर जातीची वाहने घडविली. चार-धाव एंजिनांच्या नव्या मोटारसायकली १९८५ नंतर सुलभ झाल्या व प्रदूषणाच्या निकषांमुळे द्विधाव एंजिने मागे पडली. त्यामुळे जावा, येझदी, राजदूत व यामाहा आरएक्स-१०० (१९८५–९६) ही वाहने रोजच्या वापरातून बाहेर पडून संग्राह्य बनली. जुलैच्या दुसऱ्या रविवारी अनेक शहरांत जावा-येझदी बाळगणारे लोक एकत्र येतात.

घरगुती जीर्णोद्धाराची पद्धती : जीर्णोद्धाराचा आरंभ हत्यारांनी न होता कागदपत्रांनी होतो. नोंदणी पुस्तकातील एंजिन क्रमांक व सांगाडा क्रमांक वाहनावर कोरलेल्या क्रमांकांशी जुळतात काय, हे सर्वप्रथम पहावे लागते. ते न जुळल्यास पुढे केलेला सर्व खर्च वाया जाऊ शकतो. घासकाम किंवा रंगकाम करताना हे क्रमांक पुसट होणार नाहीत, याचीही काळजी घ्यावी लागते.

त्यानंतर प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घेत वाहन सुटे करतात. नट-बोल्ट, वॉशर व कड्या ज्या भागाच्या त्या भागाबरोबर वेगळ्या डब्यांत चिठ्ठी लावून ठेवतात. जुन्या इंग्रजी बनावटीच्या आट्या आणि मेट्रिक आट्या भिन्न असतात. त्यांची सरमिसळ झाल्यास सांगाड्यातील वा एंजिनाच्या कवचातील आट्या मोडतात. गंजून अडकलेला बोल्ट बळाने न फिरविता त्यावर तेल सोडून थांबणे व जरूर तर भोवतालचा धातू तापविणे इष्ट असते.

एंजिनाचे भाग रॉकेलने वा डिझेलने धुऊन त्यांची मोजमापे घेतात. सिलिंडराचा व्यास वर, मध्ये व खाली असा परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजतात. कारण झीज सर्वत्र सारखी नसते. झीज मर्यादेबाहेर असल्यास सिलिंडर ठराविक टप्प्याने मोठा करून त्या मापाचा पिस्टन व कड्या बसवितात. ही क्रिया काही वेळाच करता येते. त्यानंतर सिलिंडरात नवी बाही बसवावी लागते. क्रँकचे काम घरी करण्यासारखे नसते. त्याच्या दोन चक्रांची जुळणी दाबयंत्रावर करून दोन्ही टोके एका रेषेत फिरतात की नाही, हे तबकडीच्या मापकाने पहावे लागते. द्विधाव एंजिनात क्रँककोठी हवाबंद असणे आवश्यक असल्याने तिची सीले बदलली नाहीत, तर इतर सर्व काम चोख असूनही एंजिन नीट चालत नाही. प्रज्वलनासाठी संपर्कबिंदूंमधील फट सु. ०·४ मिमी. ठेवतात व ठिणगीची वेळ निर्मात्याने दिलेल्या मापाप्रमाणे साधतात.

टाकीचे काम विशेष सावधगिरीने करावे लागते. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते व ती स्फोटक असते. त्यामुळे झाळकाम वा वेल्डिंग करण्यापूर्वी टाकी वारंवार धुऊन पाण्याने भरून घेतात. जुन्या ब्रेक-पट्ट्यांत ॲस्बेस्टस असण्याचा संभव असल्याने त्यांची धूळ फुंकून न उडविता ओल्या फडक्याने पुसतात. क्रोमियमचा मुलामा देण्याच्या द्रावणातील संयुगे विषारी असल्यामुळे ते काम परवानाधारक कारखान्याकडूनच करून घेणे योग्य ठरते. सुटे भाग मुख्यतः जुन्या वितरकांकडील शिल्लक साठा, पुण्याचा बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आणि अलीकडे पुनर्निर्मित भाग तयार करणारे छोटे उद्योग यांतून मिळतात. जुळणीनंतर आरंभीचे काही शे किमी. वाहन मंद गतीने चालवून नवे भाग परस्परांत बसू देतात.

रंगकामात अतिरेक होण्याचा धोका असतो. मूळ रंग, सोनेरी रेघा व निर्मात्याची मुद्रा काही प्रमाणात शिल्लक असतील, तर त्या जतन करणे हे नव्याने चकचकीत रंग देण्यापेक्षा अधिक मोलाचे मानले जाते. बुलेटच्या टाकीवरील रेघा कारखान्यात हाताने ओढल्या जात. त्यामुळे दोन टाक्यांवरील रेघाही तंतोतंत सारख्या नसतात. एकदा खरवडलेला मूळ रंग पुन्हा मिळविता येत नाही.

इंधनाचा प्रश्न : शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० मध्ये बंद झाले. त्यानंतर पेट्रोलमध्ये एथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ मध्ये ते २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. एथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे दीर्घकाळ उभ्या ठेवलेल्या वाहनाच्या पोलादी टाकीत गंज धरतो. जुन्या प्रकारचे रबर, बूच व टाकीच्या आतील लेप यांवरही त्याचा परिणाम होतो. एथेनॉलाचे ऊष्मीय मूल्य पेट्रोलपेक्षा कमी असल्याने व त्यातच ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होते आणि कार्ब्युरेटरातील इंधनछिद्र किंचित मोठे करावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक साखर कारखान्यांना आसवन्या जोडलेल्या असून एथेनॉल हे ऊस उत्पादकांच्या दृष्टीने उत्पन्नाचे साधन आहे. ज्या उसाच्या पैशातून ग्रामीण भागात मोटारसायकली आल्या, त्याच उसापासून होणाऱ्या इंधनाशी त्यांपैकी जुन्या वाहनांचा आता मेळ घालावा लागत आहे. रबरी नळ्या व सीले एथेनॉल-प्रतिरोधी प्रकारची बसविणे व वाहन उभे ठेवताना टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करणे, हे त्यावरील उपाय होत. असा बदल मूळ बनावटीपासून दूर जाणारा असला, तरी वाहन चालते ठेवण्यासाठी तो अपरिहार्य आहे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९३९ मध्ये वाहनातील बदलाची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला देण्याची तरतूद होती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ५२ व्या कलमात २००० साली दुरुस्ती होऊन नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाहून भिन्न होईल, असा फेरबदल करण्यास मनाई करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या मनाईचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती अधिनियमाने अनधिकृत फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड ठेवला. इंधनाचा प्रकार बदलण्यासाठी मान्य संच बसविणे व दिव्यांग व्यक्तीच्या सोयीसाठी वाहनात बदल करणे यांना विहित अटींवर मुभा आहे. आवाज वाढविणारे सायलेन्सर बसविण्याविरुद्ध महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी कारवाई केली आहे.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात येतात. मात्र ती मूळ स्वरूपात जतन केलेली असावी लागतात आणि त्यांच्या सांगाड्यात, बाह्य कवचात वा एंजिनात फेरबदलासह भरीव दुरुस्ती झालेली नसावी लागते. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये व पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क असून नोंदणी १० वर्षांसाठी असते. आधी नोंदलेल्या वाहनाला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनास राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. असे वाहन नित्य वा व्यापारी उपयोगासाठी रस्त्यावर चालविता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल, जुन्या वाहनांची फेरी इ. प्रयोजनांपुरतीच त्याला परवानगी असते.

मूळपणाचा प्रश्न : या व्याख्येचा फायदा ज्या वाहनांना मिळतो, ती बहुधा संपन्न घराण्यांच्या गराजांत थोडी वापरली गेलेली असतात. शेतावर ४० वर्षे राबलेल्या मोटारसायकलीचा सिलिंडर दोनदा मोठा केलेला असतो, सांगाड्याला वेल्डिंगचे जोड असतात, कार्ब्युरेटर दुसऱ्या बनावटीचा असतो. देशाच्या वाहतुकीच्या इतिहासाची साक्ष तीच अधिक देते. परंतु ‘मूळ’ या शब्दाच्या कसोटीवर ती उणी ठरू शकते. उलट, अशा वाहनाला मूळ रूप देण्यासाठी तिचे सर्व जोड व चौकटी काढून टाकल्या, तर कारखान्याचा आराखडा परत मिळतो आणि ती कशी वापरली गेली याचा पुरावा नाहीसा होतो.

आंतरराष्ट्रीय व्यवहारात या प्रश्नाकडे काहीशा वेगळ्या दृष्टीने पाहिले जाते. फिव्हाच्या व्याख्येप्रमाणे किमान ३० वर्षे जुने, इतिहासाच्या दृष्टीने योग्य अवस्थेत जतन केलेले व रोजच्या वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन ऐतिहासिक समजले जाते. या संस्थेने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत जतन, संवर्धन व जीर्णोद्धार यांत भेद केला आहे. वाहनाच्या मूळ द्रव्यात शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा, त्याच्या प्रत्यक्ष आयुष्याचा इतिहास ध्यानात घ्यावा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असा तिचा रोख आहे. वास्तूंच्या जतनात मान्य झालेले हे तत्त्व मोटारसायकलींनाही लागू पडते. किल्ल्याच्या तटाची नंतरच्या काळातील डागडुजीही जशी त्याच्या इतिहासात मोडते, तशीच दूधवाल्याने जोडलेली किटल्यांची चौकट राजदूतच्या इतिहासात मोडते.

यामुळे घरगुती जीर्णोद्धारात कामाची वही ठेवण्यास विशेष महत्त्व आहे. वाहन कोणत्या अवस्थेत मिळाले, कोणते भाग मूळ होते, कोणते कोणत्या सुमारास बदलले गेले, सिलिंडर कितव्यांदा मोठा केला, आधीच्या मालकांनी व मेस्त्रींनी काय सांगितले, या नोंदी छायाचित्रांसह ठेवल्यास काढून टाकलेला भागही अभ्यासाला उपलब्ध राहतो. काढलेले भाग विकून वा भंगारात न घालता वाहनाबरोबर जपून ठेवणे याच कारणासाठी आवश्यक मानतात. तेल-एंजिनांपासून शिकत आलेल्या मेस्त्रींचे ज्ञान बहुतेक तोंडी असून ते लिहून ठेवण्याची दुसरी व्यवस्था तालुक्यांत झालेली नाही.

टंचाईच्या काळात तयार झालेली वाहने आता एकामागून एक पन्नास वर्षांची मर्यादा ओलांडीत आहेत. १९७५ मध्ये नोंदलेल्या बुलेट, येझदी व राजदूत २०२५ मध्ये वयाच्या दृष्टीने या वर्गाच्या उंबरठ्यावर आल्या. दुचाकी वाहनांत मोपेडचाही समावेश होत असल्याने अहमदनगर येथे निघालेल्या पहिल्या वर्षांतील लूनाही वयाची अट पूर्ण करतात. अशा साध्या, स्वस्त व भरपूर वापरल्या गेलेल्या वाहनांपैकी मूळ अवस्थेत किती उरली असतील, यापेक्षा जी उरली आहेत त्यांच्यातील बदलांची नोंद वेळीच होते की नाही, यावर त्यांच्या इतिहासाचे जतन अवलंबून आहे.